पी. टी.चा तास तुम्ही घेतलात तर?

५ सप्टेंबर म्हणजे शिक्षकदिन. पुष्कळ शाळांत त्या दिवशी वरच्या वर्गातील मुलेमुली शिक्षक होतात आणि खालच्या वर्गांचे तास घेतात. कोणी गणित घेते, कोणी इतिहास. समजा, तुमच्या वाट्याला पाचवीचा पी. टी.चा तास आला. तुम्ही मनातून खूश व्हाल. फळा नको, खडू नको, पाठांतर नको. एक चेंडू घ्यायचा, गळ्यात शिट्टी अडकवायची आणि मैदानावर जायचे. झाली तयारी!

पण थांबा. मैदानावर जाण्यापूर्वी कागदपेन्सिल घ्या आणि एक लहानसे गणित सोडवा.

एका चेंडूचे गणित

तास ३५ मिनिटांचा आहे. मैदानावर जाणे, उभे राहणे, अंग मोकळे करण्याचे व्यायाम, तुमचे सांगणे आणि शेवटी परत फिरणे यांत १५ मिनिटे सहज जातात. उरली २० मिनिटे. वर्गात ४८ मुलेमुली आहेत. नेम धरून चेंडू फेकायला शिकवायचे, असे तुम्ही ठरवले आहे. नेहमीप्रमाणे सर्वांना एका रांगेत उभे केले. पहिला पुढे येतो, फेकतो, चेंडू आणून देतो आणि रांगेच्या शेवटी जातो. एका फेकीला निदान २० सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला ३ फेकी आणि २० मिनिटांत ६०. मुले ४८. तेव्हा पहिल्या १२ जणांना दोनदा फेकायला मिळेल आणि उरलेल्या ३६ जणांना फक्त एकदा! एकदा पाळी येऊन गेली की पुन्हा येईपर्यंत १५ मिनिटांहून जास्त वेळ उभे राहायचे.

आता त्या रांगेत शेवटच्या टोकाला उभी असलेली मुलगी डोळ्यांपुढे आणा. पंधरा मिनिटे वाट पाहून तिच्या हाती चेंडू येतो. सगळे तिच्याकडे बघत आहेत. ती फेकते, चेंडू भलतीकडे जातो, सगळे हसतात आणि घंटा होते. त्या तासाला ती काय शिकली? ‘मला फेकता येत नाही’ एवढेच शिकली. आणि हा धडा फार पक्का बसतो बरे का!

आता दुसरे गणित करा. दोघादोघांच्या जोड्या पाडा. २४ जोड्या झाल्या. प्रत्येक जोडीला एक चेंडू. एकाने फेकायचे, दुसऱ्याने अडवायचे आणि मग उलट फेकायचे. एका फेकीला १० सेकंद धरा. २० मिनिटांत जोडीच्या १२० फेकी झाल्या, म्हणजे प्रत्येकाच्या ६०. चेंडू निसटेल, लांब पळेल, मध्येच तुम्ही काही सांगाल, त्यासाठी निम्म्या वजा करा. तरी ३० उरतात. एकीकडे १, दुसरीकडे ३०. तास तोच, मैदान तेच, शिक्षकही तेच. फरक आहे तो फक्त आखणीचा.

‘पण २४ चेंडू आणायचे कोठून?’ असे तुम्ही विचाराल. जुन्या धोतराच्या, साड्यांच्या, शर्टांच्या चिंध्या घरोघरी असतात. चिंध्यांचा घट्ट गोळा करून वर सुतळी गुंडाळली की झकास चेंडू होतो. तो लागला तरी इजा होत नाही, फार उसळत नाही आणि लांबही पळत नाही. नवशिक्यांना असाच चेंडू चांगला.

हात कसा शिकतो?

३० फेकींचा एवढा आग्रह कशासाठी? नीट समजावून सांगितले तर एका फेकीत येणार नाही का? याचे उत्तर तुमचाच हात देईल. तुम्ही उजव्या हाताने फेकत असाल तर एकदा डाव्या हाताने फेकून पाहा. कसे फेकावे याचे ज्ञान तुमच्या डोक्यात तेच आहे. डाव्या हातात ताकदही जवळजवळ तेवढीच आहे. तरीसुद्धा चेंडू असा जातो, की पाहणाऱ्याला हसू यावे. कमी आहे ती फक्त सरावाची.

डोक्याने जाणणे आणि हाताने करणे या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एका रुग्णामुळे फार चांगले कळून आले. त्याला शास्त्रीय लेखांत ‘एच. एम.’ म्हणत. २००८ साली त्याचे निधन झाल्यावर त्याचे नाव हेन्री मोलेसन असल्याचे जाहीर झाले. फेफऱ्याचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली अमेरिकेत त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यात आली. दोन्ही बाजूंचा थोडा भाग काढून टाकला. झटके कमी झाले, पण नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनाशा झाल्या. ब्रेंडा मिलनर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिले. दुहेरी रेघांची चांदणी काढलेली होती. आपला हात आरशात पाहून त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात सर्व उलटे दिसते, त्यामुळे सुरुवातीला कोणाचीही पेन्सिल वाकडीतिकडी जाते. एच. एम. याने तीन दिवस हा सराव केला आणि त्याचा हात चांगला सुधारला. गंमत अशी, की हे काम आपण पूर्वी केले आहे, हेच त्याला आठवत नसे! डोके विसरले होते, हात विसरला नव्हता.

मग हात शिकतो तरी कसा? मेंदूच्या मागच्या बाजूस, खालच्या अंगाला लहान मेंदू असतो. नाव लहान असले तरी काम मोठे आहे. माणसाच्या मेंदूतील सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज या एका भागात आहेत, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. तुम्ही चेंडू फेकता तेव्हा हात कसा फिरेल, चेंडू कोठे पोहोचेल, याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो. मग डोळे, कातडी, स्नायू आणि सांधे यांच्याकडून प्रत्यक्षात काय घडले त्याची खबर येते. अंदाज आणि घडलेले यांत जो फरक पडतो, ती चूक. ती हेरून पुढची हालचाल सुधारण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. डोळ्यांनी काही पाहून त्याप्रमाणे हात हलवायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. वेगाने फेकताना हात पुढे येण्याचा शेवटचा टप्पा त्याहूनही कमी वेळात संपतो. म्हणजे चुकत आहे असे कळेपर्यंत चेंडू हातातून सुटलेला असतो! ही चूक सुधारायची ती पुढच्या फेकीत. पुढची फेक पंधरा मिनिटांनी येणार असेल, तर मागच्या वेळी काय झाले ते कोणाच्या ध्यानात राहणार? तेव्हा चूक हे शिकण्याचे भांडवल आहे. रांगेत उभ्या असलेल्या मुलाजवळ हे भांडवलच नसते. ‘मुलींना फेकता येत नाही’ असे कोणी म्हटले, तर त्याला आधी विचारा, की त्यांच्या हाती चेंडू आजवर किती वेळा आला?

पायापासून मनगटापर्यंत

आता काय शिकवायचे ते पाहू. नवशिका फेकतो तेव्हा तो लक्ष्याकडे तोंड करून ताठ उभा राहतो आणि कोपरापासून पुढे नुसता ढकलल्यासारखा चेंडू टाकतो. तरबेज खेळाडू तसे करीत नाही. तो उजव्या हाताने फेकणारा असेल, तर डावा खांदा लक्ष्याकडे करून आडवा उभा राहतो. डावा पाय पुढे टाकतो. मग आधी कंबर वळते, तिच्यामागून खांदा, खांद्यामागून कोपर आणि सर्वांत शेवटी मनगट येते. बैलगाडीवाल्याचा आसूड आठवा. मुठीजवळ हालचाल सावकाश असते, पण तीच पुढे सरकत बारीक टोकाशी पोहोचते तेव्हा फट्‌दिशी आवाज निघावा इतका वेग आलेला असतो. फेकीतही पाय आणि धड यांची ताकद एकामागून एक अवयवांतून चेंडूपर्यंत पोहोचते. म्हणून नुसत्या हाताने फेकणाऱ्यापेक्षा सर्वांगाने फेकणाऱ्याचा चेंडू लांब जातो. डाव्या हाताने फेकणाऱ्यासाठी हे सर्व उलट, उजवा पाय पुढे.

पण हे सर्व वर्णन पाचवीच्या मुलांपुढे करू नका! फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर शिकणारा प्रत्येक हालचालीचा विचार करतो, दुसरीवर चुका कमी होतात आणि तिसरीवर हालचाल विचारावाचून होऊ लागते. पहिल्या पायरीवर मन आधीच गच्च भरलेले असते. त्यात दहा सूचना कोंबल्या तर एकही टिकत नाही. म्हणून तीनच शब्द पुरेत : ‘आडवा, पाऊल, फेक!’ आडवा उभा राहा, पाऊल पुढे टाक, फेक. तुम्ही स्वतः तीनचार वेळा करून दाखवा, तेही दोन बाजूंनी, म्हणजे सर्वांना दिसेल.

घोटायचे, पण कसे?

‘घोटून घोटून अक्षर सुधारते’ असे मोठी माणसे म्हणतात. तसे मग एकाच जागेवरून, एकाच लक्ष्यावर तीस वेळा फेकायला लावायचे का?

निकोलाय बर्नश्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मॉस्को येथे कामगारांचा अभ्यास केला. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या तरबेज कामगारांच्या अंगावर छोटे दिवे बांधून त्याने त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. हातोडा दर वेळी बरोबर छिन्नीवरच पडत होता. पण खांदा, कोपर, मनगट यांच्या हालचाली दर वेळी थोड्या निराळ्या होत्या! म्हणजे तरबेज माणूस एकच हालचाल यंत्रासारखी उगाळत नाही. तो तोच प्रश्न दर वेळी नव्याने सोडवतो.

१९७८ साली कर आणि बूथ या दोन संशोधकांनी मुलांकडून लहान पिशव्या नेम धरून टाकवून घेतल्या. आठ वर्षांच्या मुलांची परीक्षा ३ फुटांवरून घ्यायची होती. एका गटाने ३ फुटांवरूनच सराव केला. दुसऱ्याने २ आणि ४ फुटांवरून केला, ३ फुटांवरून एकदाही नाही. तुम्हाला काय वाटते, कोण जिंकले असेल? दुसरा गट! पुढच्या वर्षी, १९७९ साली, शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एका गटाने त्या एकामागून एक घोटल्या, दुसऱ्याने उलटसुलट मिसळून केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस दिसत होता. पण दहा दिवसांनी पाहिले, तेव्हा मिसळून सराव केलेल्यांना जास्त येत होते.

यानंतर झालेल्या सर्वच प्रयोगांत असा स्पष्ट निकाल आला आहे असे नाही. अगदी कोऱ्या नवशिक्याला आरंभी थोडा वेळ एकच गोष्ट करू देणे बरे, असेही दिसते. तेव्हा आपण दोन्ही साधू. आधी थोडे सारखे, मग पुष्कळ निरनिराळे.

आता आखा तास

पहिली ३ मिनिटे : मैदानावर या, जोड्या पाडा. जोड्या तुम्हीच पाडा. मुलांवर सोडलेत तर शेवटी कोणीतरी एकटे उरते आणि ते नेहमी तेच असते.

पुढची ५ मिनिटे : अंग गरम करा. सावकाश धावणे, आडवे धावणे, कमरेतून वळणे, हात गोल फिरवणे. ज्या हालचाली पुढे लागणार आहेत, त्याच येथे घ्या.

पुढची ३ मिनिटे : ‘आडवा, पाऊल, फेक’ करून दाखवा. मोठा नियमही येथेच सांगा. सर्वांनी एकाच दिशेने फेकायचे, आणि शिट्टी वाजली की सर्वांनी जागच्या जागी थांबायचे. शिट्टीशिवाय कोणी समोर धावायचे नाही.

पुढची ६ मिनिटे : जोडीदार पाच पावलांवर. सर्वांनी त्याच अंतरावरून फेकायचे.

पुढची ८ मिनिटे : आता बदल. फक्कीने चार, सहा आणि आठ पावलांवर तीन रेघा मारून ठेवा. कधी जवळून, कधी लांबून फेकायचे. कधी भिंतीवर खडूने काढलेल्या वर्तुळावर, कधी जमिनीवरच्या डब्यावर. दहापैकी पाचसहा वेळा नेम लागेल ती आपली रेघ. दहाही लागले तर एक रेघ मागे जा, एकदोनच लागले तर एक रेघ पुढे या. म्हणजे तरबेज मुलगा कंटाळत नाही आणि कच्चा मुलगा हिरमुसत नाही. ज्याला धावता येत नाही, त्याला गुण मोजायला बसवू नका. खुर्चीत बसूनही फेकता येते. त्याची रेघ त्याला ठरवू द्या.

पुढची ७ मिनिटे : लगोरी! आठआठांचे सहा गट करा, म्हणजे सहा लगोऱ्या. सर्वांना येणारा हा खेळ म्हणजे नेमाची उत्तम परीक्षा आहे. मात्र आज एक बदल करा, कोणीही ‘बाद’ होऊन बाहेर बसायचे नाही. बहुधा लवकर बाद होतो तो ज्याला कमी येते तो. म्हणजे सरावाची सर्वांत जास्त गरज असलेलाच बाहेर बसतो!

शेवटची ३ मिनिटे : सावकाश चाला, दीर्घ श्वास घ्या. मग एकच प्रश्न विचारा, ‘आज कोणती गोष्ट केल्यावर नेम सुधारला?’ उत्तर मुलांना देऊ द्या.

सप्टेंबर महिना आहे, पाऊस आला तर? ओल्या मैदानावर पाय घसरतात. हाच तास व्हरांड्यात किंवा सभागृहात, कमी अंतरावरून घेता येतो. म्हणून आखणी कागदावर असावी. मनातल्या मनात केलेली आखणी पहिल्या सरीबरोबर वाहून जाते.

काय बोलावे, किती बोलावे?

तुम्ही जोड्यांमधून फिरत आहात. प्रत्येक फेकीनंतर ‘कोपर वर! मनगट सैल!’ असे ओरडावेसे वाटेल. जरा आवरा. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फावरील घसरखेळासारख्या हालचाली करून घेणारे एक यंत्र होते. काहींना पायांकडे लक्ष द्यायला सांगितले, तर काहींना पायांखालील चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणाऱ्यांना ती हालचाल अधिक चांगली आली. म्हणून ‘कोपर वर घे’ म्हणण्याऐवजी ‘त्या वर्तुळातून भिंतीपलीकडे जाईल असा फेक’ असे म्हणून पाहा. शरीर आपला मार्ग पुष्कळदा आपणच शोधते.

शिवाय प्रत्येक वेळी बोलणेही बरे नाही. विन्स्टाइन आणि श्मिट यांनी १९९० साली दाखवले, की दर प्रयत्नानंतर निकाल ऐकणाऱ्यांपेक्षा निम्म्याच वेळा ऐकणाऱ्यांच्या पुढे अधिक लक्षात राहिले. कारण असे असावे, की सतत कोणी सांगत राहिले तर आपली चूक आपण ओळखायची सवयच लागत नाही. तेव्हा तीनचार फेकी पाहा, मग एकच गोष्ट सांगा आणि पुढच्या जोडीकडे जा.

खरी परीक्षा उद्या

तास संपला. लगोऱ्या धडाधड पडत होत्या. म्हणजे मुले शिकली का? आजच सांगता येणार नाही. सराव चालू असताना जे दिसते ती त्या वेळची करामत असते. उद्या, आठ दिवसांनी जे उरते, ते शिकणे. शे आणि मॉर्गन यांच्या प्रयोगाने हेच तर दाखवले.

हे तुम्हाला स्वतःही पडताळून पाहता येईल. चिंध्यांचा एक चेंडू, एक बादली आणि सहाआठ मित्रमैत्रिणी जमवा. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडा. एका गटाने ३ मीटरवरून बादलीत चेंडू टाकण्याचा सराव करायचा, दुसऱ्याने २ आणि ४ मीटरवरून आलटून पालटून. प्रत्येकाला ४० फेकी, कमी नाही आणि जास्त नाही. त्या दिवशी परीक्षा घेऊ नका. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला ३ मीटरवरून १० फेकी द्या आणि गुण लिहा. निकाल कर आणि बूथ यांच्यासारखा येईलच असे नाही. सहाआठ जणांवरून पक्का निष्कर्ष काढता येत नसतो. पण जो येईल तो प्रामाणिकपणे वहीत टिपा आणि पुन्हा करून पाहा.

आणि शिक्षकदिनानंतर, मधल्या सुट्टीत, मैदानाच्या कडेला जरा थांबा. रांगेच्या टोकाला उभी असणारी ती मुलगी आठवते ना? ती आता लगोरीसमोर आडवी उभी राहते, पाऊल पुढे टाकते आणि फेकते. पहिला नेम चुकतो. ती हिरमुसत नाही, धावत जाऊन चेंडू आणते आणि ‘थांबा रे, अजून एकदा!’ म्हणते. एवढे ऐकू आले, तर तुमचा तास उत्तम झाला असे खुशाल समजा.